ट्रंक कोणी आणली?

मी स्टॉपवॉच बोलतोय. जरा भरभर ऐका, कारण सावकाश बोलणं माझ्या स्वभावात नाही. डोक्यावरचं बटण दाबलं की सुटायचं, पुन्हा दाबलं की जागच्या जागी गप्प, असा माझा जन्म. त्यातलं सुटणं मला आवडतं. गप्प बसणं मेलं अंगावर येतं.

माझा कारखाना कुठला ते आठवत नाही. आठवतात ते मुलुंडच्या शाळेतले काशीराम मास्तर. पीटीचे मास्तर, गळ्यात शिट्टी आणि मुठीत मी. पोरं शंभर मीटर धावायची आणि मास्तर ओरडायचे, "पळा रे, काटा वाट बघत नाही!" काय दिवस होते! मग मास्तर निवृत्त झाले आणि मी गेलो कपाटात, जुन्या मोज्यांच्या शेजारी. चार वर्षं. वेड लागायची पाळी आली होती.

तिथून मला काढलं त्यांच्या लेकीने, नलिनीने. तिला टीव्हीच्या मालिकेत काम लागलं होतं, कॅमेऱ्याच्या मागचं. अंधेरीला एका भाड्याच्या बंगल्यात विनोदी मालिकेचं शूटिंग चालायचं. नलिनी मांडीवर वही आणि मुठीत मला घेऊन स्टुलावर बसायची. कोणता प्रसंग किती वेळ चालला ते मोजायचं, आणि कप कोणाच्या हातात होता, गावाला कोण गेलंय, हे लिहून ठेवायचं. भाग बावीस मिनिटांचा. त्यावर एक सेकंद झाला तरी टेप परत.

तुम्ही घरात बसून हसता हो, पण त्या गोष्टींना भोकं किती होती ते मला विचारा. तिसऱ्या भागात नोकरीसाठी नाशिकला गेलेला भाचा चौथ्या भागात टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर आला!

"जयवंत, अरे हा नाशिकला आहे ना?" नलिनीने दिग्दर्शकाला विचारलं.

"आला असेल सुट्टीवर. प्रेक्षक हसला की विसरतो, यार. तू वेळ बघ."

ती वेळ बघायची, पण भोक दिसलं की तिला रात्री जेवण जायचं नाही. मला काय, पळायला मिळालं की झालं.

सातव्या भागात राजाराम आला. पंचावन्नचा असेल. पंचवीस वर्षं गिरणीत काढलेला आणि तितकीच वर्षं कामगारांच्या नाटकांतून तोंडाला रंग लावलेला. संपानंतर गिरणी उघडली नाही, म्हणून लालबागची खोली सोडून घाटकोपरच्या चाळीत भावाकडे राहायला आलेला. इथे त्याला हमालाचं काम होतं. घरात पत्र्याची ट्रंक आणून ठेवायची, पण ठेवायची कुठे यावर नवरा-बायकोचं भांडण जुंपतं आणि हमाल वर-खाली करून हैराण होतो. मिनिटभराचा प्रसंग, पण पुढची सगळी गोष्ट त्या ट्रंकेवर. काय केलं त्या माणसाने! दिवेवाले तोंडात रुमाल कोंबून हसत होते.

काम झाल्यावर तो नलिनीजवळ आला. "बाय, ह्या टीव्हीर दिसतला मां?"

"दिसणार काका. गुरुवारी, आठ वाजता. माझा शब्द."

"नाय, चाळीतले म्हणतत, राजाराम अंधेरीक जाता नि हवा खावन येता. आता सगळ्यांका बोलवतंय."

आता आमची चूक सांगतो. जाहिरातवाल्यांना त्या भागापासून हसू हवं होतं, टेपवरचं, तयार. जयवंतने नटांना सांगितलं होतं, "विनोद झाला की जरा थांबा, हसू मागाहून भरतो." आणि नलिनीच्या हाताला सवय अशी, की नट थांबला की मला थांबवायचं. कोणी वाक्य विसरतो, कोणाचा कप पडतो, ती वेळ थोडीच धरायची? तेव्हा प्रत्येक विनोदानंतर तिने मला दाबून गप्प केलं. बेरीज आली बरोबर बावीस. टेप जोडली तर तेवीस! मला बोट कळतं, हसू कळत नाही. पण वाट लागायची ती लागलीच.

टेप दुपारी बाराच्या आत टीव्ही केंद्रावर पोचवायची होती.

"हसू कमी करू," नलिनी म्हणाली.

"त्यांनी मागितलंय तेच हसू! आणि चाळीस ठिकाणी कापत बसू? हमाल काढ. दोन काप, काम खल्लास."

"मग ट्रंक घरात आली कशी?"

"आली असेल चालत!"

"जयवंत, मी त्यांना शब्द दिलाय रे."

"मग मोजताना लक्ष द्यायचं होतंस."

हमाल गेला.

पुढचे दोन दिवस तिच्या जिवाला थारा नव्हता. चाळीत फोन नाही. पोस्टकार्ड लिहिलं, फाडलं. गुरुवारी संध्याकाळी ती घाटकोपरच्या बसमध्ये बसली. मी पर्समध्ये, तिचा हात आत, आणि अंगठा सारखा बटणावर: सूट, थांब, सूट, थांब. साकीनाक्याला बस अडकली तेव्हा तर मला उलटी व्हायची बाकी होती.

टीव्ही चाळीतल्या अंजनाबाईंकडे होता. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत तीस-पस्तीस माणसं, आणि सगळ्यांत पुढे खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात राजाराम.

"ही बघा आमची टीव्हीवाली बाय! सरका रे, जागा करा!"

"काका, जरा बाहेर येता?"

"आता? सुरू होतला गो!"

आणि सुरू झालंच. नलिनी जमिनीवर बसली. मला तिने पर्समधून काढून मुठीत धरलं होतं. सात मिनिटं झाली, आठ झाली. नवरा-बायको चहा पीत होते आणि पुढच्या क्षणी त्यांच्या मधोमध ट्रंक. टीव्ही खो-खो हसला. खोलीत कोणी हसलं नाही.

"राजाराम, तू खंय?" मागून कोणीतरी विचारलं.

"येतलंय, येतलंय," तो म्हणाला. शेवटची नावांची पाटी जाईपर्यंत त्याने पडद्यावरून नजर हलवली नाही. मागे खुसखुस सुरू झाली. त्याची मान खाली जाताना मी पाहिली. सरळ सांगतो, मला रडू येत होतं, पण आम्हाला आसवं दिलेली नाहीत.

नलिनी उठली. "चूक माझी आहे. यांनी काम केलंय, फार छान केलंय. मी वेळ चुकीची मोजली म्हणून ते कापलं. काका, मला माफ करा."

तेवढ्यात अंजनाबाई कडाडल्या, "ते तुमचं नंतर बघा. मला आधी सांगा, ती ट्रंक आणली कोणी? मघापासून माझं डोकं खातंय!"

राजारामने मान वर केली. "मी आणलंय, अंजनाबाय."

"कधी? मी नाही बघितलं."

तो उठला. खाटेखालून अंजनाबाईंचीच ट्रंक ओढली, खांद्यावर घेतली, दाराबाहेर गेला आणि धापा टाकत आत आला. "खंय ठेवू?"

नलिनीला सगळे संवाद पाठ. "खाटेखाली ठेव!" ती नवऱ्याच्या आवाजात म्हणाली.

"खाटेखाली? माळ्यावर ठेव मेल्या!" अंजनाबाईंना कोणी शिकवलं नव्हतं.

राजाराम वाकला, उठला, पुन्हा वाकला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. तो हसू ओसरेपर्यंत थांबायचा आणि मग पुढचं वाक्य टाकायचा. प्रसंग मिनिटभराचा राहिलाच नव्हता. माळा झाला, पोटमाळा झाला, शेजारच्या खोलीचा उंबरा झाला. नलिनीचा अंगठा बटणावर होता, पण तिने दाबलं नाही. मी केवढा तळमळत होतो! किती वेळ चाललं, मला खरंच ठाऊक नाही.

जयवंतने राजारामला पुन्हा बोलावलं नाही. नलिनीने दोनदा विचारून पाहिलं. ती मात्र आता नट थांबला तरी मला थांबवत नाही, आणि दिवसभर धावून माझी स्प्रिंग सैल झाली आहे. फार दिवस निघतील असं वाटत नाही. म्हणून जाण्याआधी एक मागणं मागतो. टीव्हीवर एखाद्या घरात अचानक ट्रंक आलेली दिसली, तर नुसतं हसून सोडू नका. कोणी आणली, ते विचारा. ती कोणीतरी खांद्यावरून आणलेली असते.