बिनबियांचे आजोबा

आजोबांना अख्खी गल्ली 'बीवाले' म्हणायची. खाल्लेल्या फळाची बी फेकून द्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर येई. बसथांब्यामागची पपई, टपाल कचेरीच्या भिंतीलगतचं लिंबू, दवाखान्याच्या दारातला भोपळ्याचा वेल, सगळी त्यांचीच करणी. चालता चालता खिशात हात घालायचा आणि मूठ मोकळी करायची, हा त्यांचा शिरस्ता.

हौस मात्र एकच राहून गेली होती. ज्या रानावर कधी कुऱ्हाड चालली नाही आणि ज्या नदीला कुणी बांध घातला नाही, ते एकदा डोळे भरून बघायचं. नातीला सुट्टी लागली, तसे आजी, आजोबा आणि नात राखीव जंगलाच्या फाटकाशी हजर झाले. पलीकडे होडी उभीच होती.

फाटकावर वनरक्षक बाई ब्रश घेऊन बसल्या होत्या. "बूट घासा, खिसे उलटे करा. बाहेरचं झाड इथं रुजलं, तर इथल्या झाडांच्या मुळावर येतं. आत जाताना ज्याच्याकडे बी सापडेल, तो इथेच बसेल."

आजोबांनी उजवा खिसा उलटा केला. पपईच्या बिया टपटप पडल्या.

"झालं," ते म्हणाले.

"आणि डावा?" आजी म्हणाल्या.

डाव्यातून भोपळ्याच्या निघाल्या.

"टोपीची घडी?"

"अगं, तू कोणाच्या बाजूची?"

"मी होडीच्या बाजूची. काढा टोपी."

टोपीतून मिरचीच्या बिया, चष्म्याच्या डबीतून टोमॅटोच्या, मोज्यातून कसल्या ते त्यांनाही आठवेना. वनरक्षक बाईंनी ब्रश खाली ठेवला. "आजोबा, तुम्ही माणूस आहात की रोपवाटिका?"

नात हसून हसून खाली बसली. तिथून वर बघत म्हणाली, "आजोबा, तुम्ही गालात काय धरलंय?"

सकाळच्या संत्र्याची बी! चांगली टपोरी, म्हणून जपून ठेवलेली. आता थुंकावी तर लबाडी उघडी पडणार, न थुंकावी तर होडी जाणार. आजोबांनी डोळे मिटले आणि गटकन गिळली.

आजींनी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र शांतपणे विचार केला. "आत शौचालय नाही. झाडाआड जायचीही सक्त मनाई. परत येईपर्यंत कळ काढाल?"

"काढीन!" आजोबा म्हणाले आणि होडीत चढलेसुद्धा.

नदी कोऱ्या चहाच्या रंगाची होती आणि दगडांवर आदळत धावत होती. काठाची झाडं इतकी उंच की बघताना टोपी पडावी. होडीतून उतरल्यावर शेवाळानं मढलेल्या एका खोडापाशी नातीनं विचारलं, "हे कुणी लावलं?"

"कुणीच नाही," आजोबा म्हणाले. त्यांच्या मनाला जरा लागलंच ते.

"पाणी कोण घालतं?"

"कुणीच नाही."

"मग आपण काय करायचं इथं?"

आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "बघायचं, बाळ. नुसतं बघायचं." खूप वेळ ते खरोखरच नुसतं बघत राहिले. मग हळूच वाकून तिच्या कानात म्हणाले, "आणि होडी परत कधी निघते, तेवढं विचारून ये. पळत जा!"