आईला समजलं

“समजलं,” सासूबाई म्हणाल्या.

“नक्की ना?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“नक्की. छान लिहिलंय हो कोणीतरी.”

झालं. ह्यांनी फोनवर त्या लेखापुढे हिरवी खूण केली आणि खाली नेहमीचा शेरा मारला, ‘आईला समजलं’. म्हणजे लेख पास. समस्त नवशिक्यांनी आता तो डोळे झाकून वाचायला हरकत नाही.

लेखाचं नाव होतं ‘इंटरनेट गेल्यावर घरातले दिवे कसे चालवावेत’. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळलेलं नव्हतं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, मला तिथून त्यांचा चेहरा दिसत होता. हे समोर बसून वाचत होते, ह्यांना दिसला नाही.

आमचे हे पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. आयुष्यभर एकच काम केलं, लोकांचे अर्ज परत पाठवायचे. कोणाची सही तिरकी, कोणाचा फोटो जुना. घरी आल्यावर मात्र साहेबांना लोकसेवेचा उमाळा येतो. फोनवर ह्यांचं एक मंडळ आहे, घरातले दिवे, पंखे, पडदे हुकमावर चालवणाऱ्या हौशी लोकांचं. भिंतीपर्यंत हात न्यायचे कष्ट वाचावेत म्हणून ही माणसं सुट्टीचा अख्खा दिवस राबतात. कोणी नवखा येऊन ‘माझा दिवा लागत नाही हो’ म्हणाला की सगळे त्याच्यावर तुटून पडतात, आधी शोधायचं, मग विचारायचं. असे बरेच नवखे पळून गेल्यावर मंडळाला उपरती झाली. त्यांच्यासाठी सोप्या लेखांचा संग्रह करायचं ठरलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणीतरी लागतंच. आमचे हे तयारच होते.

लेख काय एकेक यायचे! नाव ‘अगदी सोप्या शब्दांत’ आणि पहिलंच वाक्य ‘तुम्हाला ठाऊक असेलच की’. अहो, ठाऊक असतं तर तो बापडा तुमच्या दारात कशाला आला असता? मंडळातल्या एकाला सगळे अँटेना म्हणतात. त्याचा ‘पाच मिनिटांत सेन्सर’ वाचायलाच अर्धा तास लागायचा. एक निवृत्त इंजिनिअर प्रत्येक लेखाखाली ‘यात मूलभूत चूक आहे’ एवढंच लिहायचा. कोणती, ते शेवटपर्यंत सांगायचा नाही. सगळे नाकाने कांदे सोलणारे. कोणता लेख घ्यायचा यावर त्यांची रोज जुंपायची. शेवटी ह्यांना युक्ती सुचली. प्रत्येक लेख आईला वाचून दाखवायचा, तिला समजला तर घ्यायचा. मंडळाने ह्यांना डोक्यावर घेतलं.

सासूबाई दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात. पूर्वी हे कधीतरी उभ्या उभ्या जायचे, औषधं टेबलावर ठेवायचे आणि घड्याळ बघायचे. आता दर रविवारी जाऊन बसायला लागले. सासूबाई सकाळपासून केस विंचरून तयार असायच्या.

त्यांच्या घरातही ह्यांनी शहाणे दिवे बसवले होतेच. सासूबाई जुन्या सवयीने भिंतीवरचं बटण बंद करायच्या आणि मग तो शहाणा दिवा हुकूम ऐकेनासा व्हायचा. म्हणून ह्यांनी बटणंच काढली, त्या जागी पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या. आता टेबलावरच्या, इंटरनेटवर चालणाऱ्या डबीला सांगायचं, ‘दिवा लाव’. डबी बहुतेक वेळा ऐकायची.

“अहो, न्हाणीघराजवळचं एक तरी बटण राहू द्या,” मी म्हणाले होते.

“तू नवशिकी आहेस,” हे म्हणाले. “संग्रह आला की वाच.”

संग्रह आला. शनिवारी संध्याकाळी त्यानिमित्त मंडळाची फोनवर बैठक होती. हे इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. खाली पायजमाच होता, तो पडद्यावर दिसत नाही. अँटेना भाषण करत असताना मला सासूबाईंच्या शेजारणीचा फोन आला. ती नर्स आहे, उगाच घाबरणारी नाही.

“वहिनी, तुमच्या सासूबाईंकडे सगळा अंधार आहे. हाक मारली की ओ देतात, पण दार उघडत नाहीत. आमच्या गल्लीतलं इंटरनेट दुपारपासून बंद आहे.”

आम्ही किल्ली घेऊन गेलो. हे बॅटरी पुढे धरून आत शिरले. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अंगातला गाऊन उलटा होता, शिवण बाहेर आलेली. न्हाणीघराच्या दारापाशी फरशी ओली होती आणि तिच्यावर टॉवेल पसरला होता. बादलीत कपडे भिजवलेले दिसले. दार का उघडत नव्हत्या ते मला कळलं.

ह्यांनाही कळलं. बॅटरी त्या टॉवेलवर थांबली आणि मग ह्यांनी ती खाली केली. खिशात फोन सारखा गुरगुरत होता, मंडळ अभिनंदन करत होतं. इंटरनेट गेल्यावर काय करावं, हे ह्या शहाण्यांनी इंटरनेटवर ठेवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

“फोन का नाही केलास, आई?”

“तुझा कार्यक्रम होता ना आज.”

“अगं, पण डबीच्या मागचं बटण... आपण वाचलं होतं. तू समजलं म्हणालीस.”

“म्हणाले.”

“समजलं नव्हतं तर सांगायचं.”

“नाही म्हटलं असतं तर तू दुसऱ्या कोणाकडे गेला असतास वाचायला,” सासूबाई म्हणाल्या. “समजलं म्हटलं की पुढच्या रविवारी नवीन आणायचास.”

मी सासूबाईंना आत नेऊन गाऊन सुलटा करून घातला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानातली सगळ्यात साधी बटणं आणली आणि पट्ट्या उचकटून स्वतःच्या हाताने बसवली. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचा एखादा बेत मला पटला. सासूबाईंनी न्हाणीघराचं बटण दाबून पाहिलं, बंद केलं, परत दाबलं. मग येऊन खुर्चीत बसल्या. केस विंचरलेले होते.

“आज वाचायला काय आणलंयस?”

“संग्रह संपला, आई.”

“हो का,” त्या म्हणाल्या आणि रिकामे कप गोळा करायला लागल्या.

ह्यांनी बटणाच्या खोक्यात हात घालून आतला घडीचा कागद काढला, चष्मा लावला आणि घसा खाकरला. बटण बसवण्यापूर्वी मुख्य वीजप्रवाह बंद करावा. ओल्या हाताने स्पर्श करू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे. सासूबाई कप तसेच ठेवून ऐकत बसल्या. तीन ओळींचा कागद, तो संपला.

“समजलं?” ह्यांनी विचारलं.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “परत वाच.”

ह्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.