नकाशावरचा एकुलता ठिपका

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या पेटीचा एक कोपरा चेपलेला आहे आणि पंखा सुरू झाला की मला जिने चढून आलेल्या माणसासारखी धाप लागते. तरी मला मोडीत काढण्याची घाई करू नका. माझं काम अजून चालू आहे.

माझी उमेदीची वर्षं एका जाहिरातींच्या कचेरीत गेली. साबण आणि हसरे चेहरे रंगवून रंगवून मी शिणलो. नवी यंत्रं आली तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली, झाडूंच्या शेजारी. तिथून मला उचललं धाकटीनं. ती त्या कचेरीत चित्रं जुळवायची आणि मोठ्या बहिणीकडे राहायची. घरात ताई, ताईची नुकती पाऊल टाकू लागलेली मुलगी आणि धाकटी. मुलीचे बाबा जहाजावर. ते दारात उभे राहिले की मुलगी आधी ताईच्या मागे लपायची.

धाकटीनं माझी धूळ झटकली, माहिती साठवायची मोठी डिस्क बसवली आणि मला नवी नोकरी दिली. मी नोड झालो. आभासी चलनाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हे नाणं हातात घेता येत नाही. कुणी ते कुणाला पाठवलं की जगभरची आमच्यासारखी हजारो यंत्रं तो व्यवहार तपासतात, त्याची प्रत आपल्यापाशी ठेवतात आणि पुढच्याच्या कानावर घालतात. आमच्यावर मुकादम नाही. एकानं थाप मारली तर बाकीचे माना डोलवत नाहीत, एवढाच आमचा कायदा.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना हे काही पटेना.

"पैसे पाडतं म्हणे हे! मग भाजीवाल्याशी घासाघीस कशाला करतेस गं?"

"काकू, पैसे पाडणारी यंत्रं वेगळी. हा नुसता साक्षीदार," धाकटी म्हणाली.

"म्हणजे बिनपगारी? मग आपल्यातलाच की!"

मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

जाळ्यातले माझे शेजारी, म्हणजे माझ्याशी जोडलेली यंत्रं, दूरदूरचे होते. पण मित्रांनो, आमची वस्ती जगात सारखी पसरलेली नाही. जिथं तारा धड आणि राज्य शांत, तिथं एकेका थंडगार इमारतीत आमची दाटी. जिथं नेट आज आहे उद्या नाही, तिथं अख्ख्या मुलखात एखादाच. माझा एक जुना शेजारी होता, समुद्रापलीकडचा. त्याच्या देशात सत्ता उलटली आणि तो बोलता बोलता गप्प झाला. दुसऱ्याला त्याच्या धन्यानं सुरक्षित देशात हलवलं. तो सुखात आहे, पण त्याच्या गावात आता आमचं कुणी नाही.

आमच्या शहरातही हवा बिघडू लागली. कचेरी बंद पडली. धाकटीला परदेशात काम मिळालं. निघताना ती म्हणाली, "ताई, याला चालू ठेव. नोड कुठं कुठं आहेत त्याचा नकाशा मला तिकडेही दिसेल. आपल्या शहरावर एकच ठिपका आहे. हाच. तो दिसला की मी समजेन, घरात वीज आहे, नेट आहे, तुम्ही बऱ्या आहात."

"फोन आहे की गं."

"फोनवर तू अंगात ताप असताना पण 'सगळं ठीक' म्हणतेस. हा थापा मारत नाही."

आता ताईचा स्वभाव सांगतो. घराबाहेर पडताना ती प्रत्येक पिन उपटायची. इस्त्रीची, मिक्सरची, फोनच्या चार्जरची. कुलूप लावून परत यायची आणि बटणांवर हात फिरवून बघायची. न जाणो, ठिणगी पडली तर! एकदा मुलीला लस द्यायला नेताना तिनं माझीही पिन काढली. तिकडे ठिपका विझला. ताईचा फोन पिशवीच्या तळाशी, म्हणून धाकटीनं काकूंना फोन लावला. ती परत आली तेव्हा काकू कापड कापायच्या कात्रीनं आमची कडी उचकटत होत्या.

"आहेस का बाई! तुझी बहीण तिकडे रडून अर्धी झाली!"

तेव्हापासून ताईनं माझ्या पिनेला हात लावला नाही. फक्त माझ्याखाली एक फरशी सरकवली. मी पेटलो तरी टेबल वाचावं म्हणून.

मग एका दुपारी माझे सगळे शेजारी एकदम गप्प झाले. मला वाटलं, जग बुडालं. पण बुडालो होतो आम्ही. शहरात नेट बंद, फोन बंद, दुकानांची दारं अर्धी ओढलेली. पावाच्या रांगेतून काकू बातमी घेऊन आल्या. "असली यंत्रं ज्यांच्याकडे आहेत, त्यांची झडती घेणार म्हणे. टाक उचलून कुठंतरी."

ताई मुलीला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिचा हात पिनेवर होता.

"झडती आली तर हिला घेऊन मी कुठं जाऊ, काकू? आणि घडीभर नेट आलं, नि हा बंद असला, तर ती तिकडे काय समजेल?"

काकूंनी पावाची पिशवी खाली ठेवली. मग पदर खोचून म्हणाल्या, "आण इकडे. माझ्या घरात हात घालील त्याला सुया टोचतील."

खिडकीतून नेटची वायर ओढली गेली आणि मी शिलाई मशीनशेजारी बसलो. काकूंनी मला मायेनं कापडांच्या ढिगाखाली झाकलं. माया खरी, पण माझा श्वास कोंडला. काकूंना मशीनच्या खडखडाटात माझी धाप ऐकू येईना. ऐकलं ते भिंतीपलीकडे ताईनं. लेकरू झोपलं की त्याचा श्वास मोजणारे कान ते. ती धावत आली.

"काकू, अहो गुदमरतोय तो!"

तिनं कापडं दूर केली, मुलीच्या पुस्तकानं मला वारा घातला. मी हळूहळू निवलो.

त्यानंतरच्या एका सकाळी थोडा वेळ नेट आलं. आधी एक शेजारी बोलला, मग दुसरा. मागे पडलेलं सगळं मी धापा टाकत वाचू लागलो. फोन अजून मुकेच होते. पण तिकडे परक्या शहरात धाकटी नकाशापुढे बसून होती. तिनं पुढे सांगितलं, ठिपका उगवला तेव्हा तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना फार काही लागत नाही. पंख्यावरची धूळ पुसा आणि आमच्यावर कापड टाकू नका. सगळ्यांना एकाच सुखी इमारतीत नेऊन ठेवू नका. जिथं तारा तुटक्या आणि रस्ते अशांत, तिथंही आमच्यातलं एखादं असू द्या. आणि नकाशावरचा एखादा ठिपका विझला, तर यंत्र बिघडलं असेल म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याशेजारी कुणीतरी लेकराला कडेवर घेऊन उभं असतं. ते बरं आहे का, एवढं विचारा.