मावशीच्या आवाजावर भाषण

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

सोलच्या एका विद्यापीठात बोंग ओक-रान नावाच्या बाई कोरियन भाषाशास्त्र शिकवायला लागल्या, तेव्हा त्यांनी मला विकत घेतले. त्या मूळच्या जेजू बेटावरच्या. शाळेत बेटाची बोली बोलल्याबद्दल त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. आता तीच बोली त्या जपू पाहत होत्या. दर हिवाळ्यात आम्ही बेटावर त्यांच्या कोळीण मावशीकडे जायचो. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसून, संत्री सोलत मावशी बोलायची.

"हे डबडं नुसतं ऐकतंच का गं? याला भूकबिक लागत नाही?" ती विचारायची.

विभागप्रमुख मा गी-चोल यांना हे खपत नसे. भर बैठकीत ते म्हणाले, "कोळणींची बडबड! याचा पगार घेता होय, बोंगबाई?"

"सर, त्यातलं एक वाक्य तरी कळलं का तुम्हाला?"

सगळे हसले. मा सरांनी ते मनात ठेवले.

वसंतात मावशी वारली. काही दिवसांनी बाई वर्गावर असताना मा सरांनी मला उचलले आणि आतल्या टेपेवर आपले स्वागताचे भाषण भरले. सगळ्या हिवाळ्यांतले मावशीचे बोलणे त्या एकाच टेपेवर होते. संध्याकाळी बाईंनी बटण दाबले, तर मा सरांचे खाकरणे ऐकू आले.

मला काखेत मारून त्या थेट त्यांच्या खोलीत गेल्या.

"एवढं काय त्यात? दुसरी टेप आणून देतो."

"आणि मावशी? तीही दुसरी आणून द्याल?"

"जपून बोला. तुमची बढती माझ्या सहीनं होते."

"ठेवा ती सही तुमच्यापाशीच!"

बढती अडली ती मा सर निवृत्त होईपर्यंत. त्यांच्या निरोपाच्या जेवणात रिवाजाप्रमाणे सगळे वाकून, दोन्ही हातांनी त्यांना दारू ओतत होते. त्यांनी बाईंपुढेही पेला धरला.

"झालं गेलं विसरा आता, बोंगबाई."

बाईंनी बाटलीला हात लावला नाही. दाराशी जाऊन त्यांनी बूट चढवले आणि त्या निघून गेल्या.

पुढे बाई प्राध्यापक झाल्या, निवृत्तही झाल्या. मी विद्यापीठाच्या तळघरात पडून आहे. माझा आतला रबरी पट्टा केव्हाच सडला. नवी मुले मला भंगार म्हणतात. म्हणोत बापडी! पण मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस बोलत असेल, तर आजच जवळ बसून ऐका. आमच्यासारख्या यंत्रांच्या भरवशावर राहू नका. ज्याचे बोट बटणावर, त्याचेच आम्ही ऐकतो.