सफुराबिबीचा जबाब

जुलै त्र्याण्णवमध्ये पितांबरमामा बोदवडहून धुळ्याला आले, तेव्हा मी नुकतीच कोर्टातून परतले होते. जय भीम झाला, पाणी झालं. चहा नको म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. युगोस्लाव्हियाच्या युद्धात ज्यांनी माणसं मारायला लावली, त्या पुढाऱ्यांवर आणि सेनापतींवर खटले चालवायला आंतरराष्ट्रीय न्यायालय नेमल्याची बातमी होती.

"प्रमिला, तू वकील आहेस. यांचा पत्ता काढून दे."

मामा सैन्याच्या वैद्यकीय दलात हवालदार होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात बांगलादेशातल्या एका गावी त्यांनी सफुराबिबी नावाच्या बाईचा मोडलेला हात बांधला. ती जे बोलली ते साहेबांच्या हुकमावरून, दुभाष्याला बसवून, लिहून घेतलं. पाकिस्तानी ब्रिगेडियर जीपमधून उतरला, त्यानं वीटभट्टीकडे बोट दाखवलं, आणि गावातले बेचाळीस पुरुष तिथं नेऊन मारले. ब्रिगेडियरचं नाव तिनं सांगितलं. बेचाळिसांचीही सांगितली. मूळ कागद वर गेला, कार्बन कॉपी मामांकडे राहिली.

"मामा, हे न्यायालय युगोस्लाव्हियापुरतं आहे. तेही एक्क्याण्णवपासूनच्या गुन्ह्यांसाठी."

"म्हणजे त्याआधी मारलेली माणसं मेली नाहीत?"

मी कात्रण त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते उचललं नाही.

"ते पाकिस्तानी तर आपल्याकडे कैदेत होते. एकशे पंचाण्णव अधिकाऱ्यांवर खटले भरणार होते ना?"

"चौऱ्याहत्तरमध्ये आपली, पाकिस्तानची आणि बांगलादेशची, तीन सरकारांची तडजोड झाली. सगळे सोडून दिले."

"सफुराबिबीला विचारलं होतं?"

माझी चिडचिड झाली. मामांना मी कायदा सांगत होते, आणि तो सांगताना मलाच लाज वाटत होती.

तरी मामांच्या सहीनं पत्रं लिहिली. त्या न्यायालयाकडून एका पानाचं सभ्य उत्तर आलं: आमच्या अधिकारक्षेत्रात बसत नाही. दिल्लीच्या एका कार्यालयानं चार महिन्यांनी कळवलं की आपली पेन्शनची तक्रार जळगावला पाठवली आहे. पत्रात पेन्शनचा शब्दही नव्हता. तरी ते जळगावला गेले, तर तिथल्या कारकुनानं हयातीचा दाखला मागितला.

"मी समोर उभा आहे म्हटलं, तर म्हणतो, ते चालत नाही."

शेवटी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडून ढाक्याचा पत्ता मिळाला. तिथं काही माणसं, कधीतरी खटले उभे राहतील या आशेनं, जबाब गोळा करत होती. त्यांनी मामांकडची कार्बन कॉपीच मागितली आणि अक्षर मामांचंच आहे असं प्रतिज्ञापत्र.

प्रतिज्ञापत्रासाठी स्टँपपेपर घ्यायला मी मामांना कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या कौतिक नावाच्या स्टँप वेंडरकडे नेलं. त्यानं विचारलं, "कारण काय लिखू?"

"मानवतेविरुद्धचे गुन्हे," मी म्हटलं.

"असं कारण मन्हा रजिस्टरमा नई शे, ताई. रेशनकार्डनं लिखू का?"

मामांचा आवाज चढला. "बेचाळीस माणसं मारली. ते लिहा."

कौतिकनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि खरंच लिहिलं: खून, बेचाळीस.

कागद टपालात टाकण्याआधी मामांनी माझ्या टेबलाशी बसून सगळी नावं एका वहीत उतरवून घेतली. दुपार गेली. दोन पक्षकारांना मी उद्या या म्हणून सांगितलं.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत ढाक्याहून उत्तर आलं. मामा ते घेऊनच धुळ्याला आले. इंग्रजी होतं म्हणून मी वाचून दाखवलं. ब्रिगेडियर तीन वर्षांपूर्वी आपल्या घरी, झोपेत वारला होता. त्याच्या हाताखालचे दोन अधिकारी हयात होते. न्यायालय अजून नव्हतं. सफुराबिबी मात्र होती. तिला जबाब वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली की सगळं बरोबर आहे, एक नाव राहिलं. हात फार दुखत होता, म्हणून धाकटा दीर सांगायचा राहून गेला.

"त्रेचाळीस," मामा म्हणाले. त्यांनी पिशवीतून वही काढली. मग म्हणाले, "मीच घाई केली असणार. बाहेर जखमींची रांग होती. नाव वाढवता येईल?"

"तुमच्या कागदात नाही. तिचा नवा जबाब घ्यावा लागेल, तिथंच."

"घेतील?"

"लिहिते मी त्यांना."

"आणि कोर्ट?"

"नाही, मामा. कोर्ट नाही अजून."

"मग तुम्ही लोक इतकी वर्षं शिकता तरी काय?" ते म्हणाले आणि लगेच ओशाळले. मला मात्र त्यांचा राग आला नाही. दिराचं नाव पत्रात कसं लिहिलं आहे ते मी त्यांना एकेक अक्षर करून सांगितलं, आणि त्यांनी ते सावकाश वहीत उतरवलं.