खिडकीकडचा तिसरा बाक

वर्गात प्रश्न विचारला की मी मनात दहापर्यंत मोजते. हात वर करायचे नाहीत, "बाई मी, बाई मी" करून नाचायचं नाही, आणि दहा झाल्याशिवाय मी कुणाचंही नाव घेत नाही. मुलांनी माझं नाव 'सिग्नल' ठेवलंय. ठेवू देत. एरवी अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात पाच शहाणे गुडघ्यांवर उभे राहून बोटं नाचवतात आणि उत्तर देऊन मोकळे होतात. उरलेली त्रेचाळीस खिडकीबाहेर बघत बसतात, आणि बाई खूश, की वर्गाला कळलं. माझी पहिली बारा वर्षं अशीच खुशीत गेली.

दहा सेकंद म्हणजे किती, हे वर्गात उभं राहून मोजल्याशिवाय कळायचं नाही. तीनपर्यंत चुळबुळ चालते. पाचला कुणीतरी फिसकन हसतं. सहाला सगळे गप्प होतात. आणि सातला खिडकीकडचा तिसरा बाक वाजतो. एकदाच, करकन. त्यावर कुणीही बसलेलं नसतं. तिथे उन्हाची तिरीप येते म्हणून तो रिकामा ठेवलाय, असं मी सगळ्यांना सांगते.

तो बाक निळीचा.

अकरा वर्षांपूर्वी ती माझ्या सहावीच्या वर्गात होती. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. शाईचं पेन चावायची खोड होती तिला, त्यामुळे ओठ कायम निळे. बोलताना अडखळायची. निळीला प्रश्न विचारला की तासाचा बोऱ्या वाजलाच, असं मी शिक्षकांच्या खोलीत खुशाल बोलायचे. त्या दिवशी शेवटच्या तासाला अपूर्णांक चालले होते. "तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश?" मी विचारलं, आणि निळी आपणहून उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पोरं खिदळायला लागली. मी फार तर तीन सेकंद थांबले असेन. मग म्हणाले, "शाई खाऊन पोट भरलं असेल तर बस खाली. हं, पुढची!"

ती बसली. शाळा सुटली, ती घरी पोचली आणि दारातच कोसळली. दमा होता म्हणे. अंधार पडायच्या आत गेली.

मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मीच मला विचारलं आणि उत्तरही मीच ठरवलं: पोरीला उत्तर येत होतं, तिला वेळ हवा होता, तो मी दिला नाही. पुढच्या आठवड्यापासून मी मोजायला लागले, आणि बाक वाजायला लागला. उत्तर द्यायला ती उठते, असं मी धरून चालले. अंगावर काटा यायचा, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. मी आता थांबते, हे निदान तिला दिसत असेल.

यंदा माझ्या वर्गाचा निकाल चांगला लागला. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं. "शनिवारी चाळीस शिक्षक येतायत बाहेरून. तुमचं ते थांबणं दाखवा त्यांना. आपली नवी बाई तुमचा एक तास बघेल आणि लिहून काढेल."

नवी बाई महिन्यापूर्वीच रुजू झाली होती. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला होता, पण तेवीस वर्षं शिकवल्यावर रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा ओळखीचा वाटतो. गुरुवारी ती वही घेऊन वर्गात आली आणि कुणाला न विचारता खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाकडे गेली. ती बसली तसा बाक करकन वाजला. 

मी प्रश्न विचारला. मोजायला लागले. सातला बाक पुन्हा वाजला, आणि ती तर जागची हललीही नव्हती. तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने डबा उघडला नाही.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं." ती टेबलाकडे बघत म्हणाली, "बाई, मी तिच्या शेजारी बसायचे."

मग ओळखलं मी तिला. दोन घट्ट वेण्या, सदा नाक ओढणारी. निळीची जोडीदारीण. मला राहवेना. "तिला उत्तर येत होतं ना गं? तेच सांगायचं होतं ना तिला?"

ती थांबली. दहापेक्षा जास्त थांबली. मी मोजत होते.

"त्या दिवशी सकाळी माझं पेन फुटलं होतं, बाई," ती म्हणाली. "तिने तिचं मला दिलं. ती दिवसभर पेन्सिलीने लिहीत होती."

मला आधी काही कळलंच नाही. पेनचं काय घेऊन बसली ही, असं वाटलं. आणि मग कळलं. त्या दिवशीही ओठ तर निळेच होते.

"ती उत्तर द्यायला उठली नव्हती. माझा हात धरून कशीबशी उठली. तिला बाहेर जायचं होतं. मी सांगायला हवं होतं, पण तुम्ही चिडला होतात."

"आणि तू बारा वर्षांची होतीस," मी म्हणाले. "हे सांगायला आलीस का या शाळेत?"

"नाही हो. नोकरी मिळाली म्हणून आले." तिचे डोळे भरून आले. "पण रोज त्या वर्गावरून जाते."

शुक्रवारी मी वर्गाला एकही प्रश्न विचारला नाही. वर्गाकडे पाठ करून फळा भरत राहिले. मोजलं नाही, त्यामुळे बाकही वाजला नाही. घसा बसलाय, उद्या बोलता येणार नाही, असं मोठ्या बाईंना सांगायचं मी ठरवलंसुद्धा होतं. त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. मला लाज वाटत होती आणि भीती तर त्याहून जास्त.

शनिवारी सहावीच्या बाकांत चाळीस मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिसरा बाक मी रिकामा ठेवायला लावला होता. नवी बाई दाराशी उभी होती. मी फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले आणि विचारलं, "मोठा कोणता?"

शिक्षकही मुलांसारखेच. दोनला चुळबुळ, चारला पाच शहाण्यांची बोटं वर. अकरा वर्षं मी फळ्यापाशी उभी राहून थांबत आले होते. आज खाली उतरले. सहा झाले तेव्हा मी बाकाशी पोचले होते. हात फळीवर ठेवला.

सात. करकन.

मी जोर न देताच माझ्या हाताखाली फळी दबली. वर आली नाही, खाली गेली. मी हात उचलला, आणि आपल्या हाताने फळी दाबून बघितली. करकन. सोडली. काही नाही. पुन्हा दाबली. करकन.

"बाई," नवी बाई दारातून म्हणाली, "तो बाक उठताना वाजत नाही. बसतानाच वाजतो."

अकरा वर्षांत मी त्या बाकावर एकदाही बसले नव्हते, मला कुठून कळणार? मी दहा मोजत होते आणि मला वाटायचं पोर उठतेय. ती बसत होती. मी बस म्हणाले होते, म्हणून रोज, प्रत्येक प्रश्नाला, श्वास अडकलेला असताना निमूट खाली बसत होती.

"बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या.

"ती शाई नव्हती," मी म्हणाले. आवाज माझाच, पण मलाच परका वाटला. "या बाकावर एक मुलगी होती. तिला श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे पडले होते. मी तिला शाई खाल्लीस म्हणाले आणि खाली बसवलं. हे थांबणंबिंबणं मी त्यानंतर सुरू केलं. ते तुम्ही जरूर करा. पण फळ्यापाशी उभं राहून करू नका. जवळ जाऊन बघा आधी."

चाळीस वह्या उघड्या होत्या. कुणी काही लिहिलं नाही.

मी बाकाशी वाकले. लोक बघत होते, बघू देत. "ऊठ, बाळा," मी म्हणाले. "आता बसायचं नाही. चल बाहेर."

नव्या बाईने दार उघडलं. मी हात पुढे केला आणि दम लागलेल्या लहान मुलीला झेपेल अशा बेताने हळूहळू निघाले. बाक वाजला नाही.

बाकापासून दारापर्यंत नऊ पावलं होती. तीही मी मोजली.