एकोणिसाव्या मिनिटाला

अवातिफबाईंनी पुढची उत्तरपत्रिका मधोमध उघडली, चौथ्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि जेमतेम नजर टाकून म्हणाल्या, "अधिक चार."

"अधिक चार," डॉ. हिलमींनी कागदावर रेघ ओढली. "एकशे एक्केचाळीस झाले."

हिलमी हे यंदाच्या कंट्रोल रूमचे, म्हणजे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या बंद खोलीचे, प्रमुख. खोलीच्या दाराला लाखेचं सील, खिडकीला जाळी, पत्रिकांचे कोपरे नावांसकट दुमडून स्टेपल केलेले, आणि आत जूनचा उकाडा. पंखा लावला तर पत्रिका जातात आणि बंद केला तर परीक्षक जातात, असं हिलमी दरवर्षी म्हणत. दरवर्षी पंखा बंदच राही.

उत्तर पायचा वर्ग वजा चार असं यायला हवं होतं. गणित साधंच होतं. दोनदा भाग पाडून संकलन करायचं, आणि शेवटी वजातून वजा गेला की अधिक होतो एवढं लक्षात ठेवायचं. एकशे एक्केचाळीस जणांनी ते ठेवलं नव्हतं. एकाच ओळीत, एकाच चिन्हापाशी सगळे घसरले होते आणि सगळे पायचा वर्ग अधिक चार या एकाच खड्ड्यात पडले होते. नऊ जणांचं उत्तर बरोबर होतं. बाकीच्यांनी तो प्रश्न कोराच ठेवून परीक्षकांवर उपकार केले होते.

"ही सामूहिक कॉपी आहे, अवातिफबाई," हिलमी म्हणाले. "नियम स्पष्ट आहे. पेपर रद्द. अख्खं दुसरं वर्ष सप्टेंबरात पुन्हा बसेल आणि प्रत्येकाच्या फायलीवर शेरा जाईल."

"अख्खं?"

"नऊ जण वगळून पेपर कसा रद्द करायचा? तसा फॉर्मच नाही."

अवातिफबाईंनी मान हलवली. त्यांची स्वतःची फाईल अकरा वर्षांनी एकदाची प्राध्यापकपदाच्या समितीपुढे गेली होती. निकाल महिन्याभरात लागणार होता. या महिन्यात त्यांना कुणाशीच वाद घालायचा नव्हता, नियमाशी तर नाहीच.

चौकशी केल्याचं दिसावं म्हणून वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीला बोलावलं होतं. विद्यार्थ्यांना सीलच्या आत येता येत नाही, म्हणून दोघं बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. रिहाब आली. लांबच्या खेड्यातून दोन मायक्रोबस बदलून आलेली, चपलांवर धूळ, छातीशी वही धरलेली.

"बस पोरी," हिलमी म्हणाले. "एकच विचारतो. चौथा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी कुणाचं बघून लिहिलात?"

"मॅडमचं."

"कुठल्या मॅडमचं?"

रिहाबनं अवातिफबाईंकडे पाहिलं. मग ओशाळून जमिनीकडे पाहिलं.

"व्हिडिओतलं आहे, सर. बाविसावा धडा. मॅडमनीच सांगितलं होतं, बाकीचं व्हिडिओत बघा म्हणून."

सांगितलं होतं खरं. दोनशे मुलांच्या त्या सभागृहातला माईक बंद पडून तीन वर्षं झाली होती, आणि अवातिफबाईंचा आवाज त्याआधीच. टाळेबंदीच्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघरात फ्रिजला पांढरा फळा टेकवून साठ धडे चित्रित केले होते. फुकट, कुणीही बघावेत असे. मोसुलपासून नुआकशोतपर्यंतची पोरं त्याखाली दुवा देत. विद्यापीठानं त्याची दखल घेतली नव्हती, पण अहवालात मात्र 'आमचा डिजिटल उपक्रम' म्हणून घातलं होतं.

"दाखव," अवातिफबाई म्हणाल्या.

रिहाबनं मोबाईल पुढे केला. चार वर्षांपूर्वीच्या, जरा कमी थकलेल्या अवातिफबाई फळ्यावर लिहीत होत्या. मागे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी वळून गॅस बारीक केला, परत आल्या, आणि एकोणिसाव्या मिनिटाला वजातून वजा घालवून वजाच लिहिला. वर बजावलं, "हे असंच पाठ करून ठेवा."

हिलमींनी खाकरून खिडकीबाहेर पाहिलं.

"चार वर्षं कुणाला दिसलं नाही हे?" अवातिफबाईंनी विचारलं. "कुणी मला सांगितलं नाही?"

"सांगितलं की, मॅडम. खाली लिहिलंय."

रिहाबनं अंगठ्यानं पडदा सरकवला. 'देव तुमचे हात सलामत ठेवो मॅडम, पण एकोणिसाव्या मिनिटाला चिन्ह चुकलंय का?' त्याखाली लाल बदाम. 'मलाही हाच प्रश्न पडलाय, बगदादहून सलाम.' लाल बदाम. 'मॅडम, अधिक हवं ना तिथं?' बदाम. 'मॅडम, भेंडीला काय घालता?' बदाम.

"हे बदाम कुणी दिले?" हिलमींनी विचारलं.

"मी," अवातिफबाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच देते. औषधाच्या रांगेत उभी असले की. वाचायला चष्मा लागतो, बदाम द्यायला लागत नाही."

"आम्हाला वाटलं, मॅडमनी वाचलंय," रिहाब हळूच म्हणाली. "म्हणजे मॅडमना माहीत आहे आणि त्यांना असंच हवंय."

"गणितात 'असंच हवंय' असतं का गं?" हिलमी तडकले.

"तुमच्या पेपरात असतं, सर."

हिलमींनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली. बराच वेळ पुसली.

"म्हणजे चूक आहे हे कळत होतं तुम्हाला?" अवातिफबाईंनी विचारलं.

"सगळ्यांना नाही. पण आलेख काढला की दिसतं, मॅडम." रिहाबनं वही उघडून भराभर वक्र काढला, त्याभोवती चौकट आखली. "उंची कुठंच चारच्या वर जात नाही. रुंदी तीन आणि वर थोडी. म्हणजे अख्ख्या चौकटीचं क्षेत्रफळ साडेबारा. आणि वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे आपलं उत्तर, जवळजवळ चौदा. ते चौकटीतच मावत नाही."

अवातिफबाई त्या चौकटीकडे बघत राहिल्या. तेवीस वर्षांत त्यांच्या वर्गात कुणी असं काही बोललं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी, त्यांनीसुद्धा.

"मग ते नऊ जण?"

"ते मागच्या वर्षी नापास झालेले आहेत, मॅडम. त्यांना आता घाबरायला काही उरलं नाही."

"आणि तू काय लिहिलंस?"

रिहाबनं वही मिटली.

"अधिक चार."

"माहीत असून?"

"मला इथंच शिकवायला लागायचंय, मॅडम."

मग हिलमींनी तिला जायला सांगितलं. ती दार न वाजवता लावून गेली.

"हे बघा," हिलमी खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मोठं करायचं कारण नाही. आदर्श उत्तरात खाली 'दुसरी पद्धतही ग्राह्य' असं लिहू. सगळ्यांना आठपैकी आठ. तुमची फाईल सुखरूप, पोरं सुखरूप, मी माझ्या घरी."

"पुढच्या वर्षीही हेच लिहितील, हिलमी. आणि ती पोरगी उद्या इथं शिकवायला लागली की हेच शिकवेल."

"अहो, तक्रार दाखल केली तर फॉर्ममध्ये नकलेचा स्रोत लिहावा लागतो. स्रोत शिक्षक निघाला की पोरं सुटतात, पण शिक्षक चौकशीला उभा राहतो. आणि समिती या महिन्यात बसते आहे. कळतंय ना?"

"द्या तो फॉर्म."

हिलमींनी तो लगेच दिला नाही. आधी चहा मागवू का विचारलं, मग पेन चालत नाही म्हणाले. अवातिफबाईंनी स्वतःचं पेन काढलं. 'नकलेचा स्रोत' या रकान्यात त्यांनी ओळखपत्रावर असतं तसं, वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट, पूर्ण नाव लिहिलं. हात दुखत होता. दिवसभर बोट ठेवून ठेवून दुखतो तसा.

खालचा रकाना होता, 'असा प्रकार यापूर्वी किती वेळा घडला?'

"तिथं 'माहीत नाही' लिहा," हिलमी हलक्या आवाजात म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

अवातिफबाईंनी पर्समधून मोबाईल काढला, बाविसावा धडा उघडला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि व्हिडिओखाली किती जणांनी पाहिला ते दाखवणारा सहा अंकी आकडा एकेक अंक करून त्या रकान्यात उतरवला.